शेळी खात नाही ना?

नर्सरीवाल्याने पिवळ्या ड्युरांटाची पिशवी पुढे सरकवली. "ताई, सगळ्या सोसायट्या हाच नेतात. फूटभर अंतराने लावा, पावसाळ्यात भरून येतो." मी विचारलं, "शेळी खाते का?" त्याने माझ्याकडे पाहिलं आणि मग माझ्या पाठीमागेही. शेळी बरोबर आणली आहे की काय, म्हणून.

आमच्या भागात शेळी नाही. पण कुंपणाचं झाड निवडताना आधी हेच विचारायचं, हे डोक्यात पक्कं बसलंय. फूल कसं, पानाचा रंग कसा, ते सगळं मागाहून. कोकणात आजोळच्या वईत, म्हणजे झाडाझुडपांच्या कुंपणात, निर्गुडी, शेर, मोगली एरंड अशी मंडळी होती. गुरांनी तोंड लावायचं नाही, एवढ्या एकाच गुणावर त्यांची नेमणूक. पावसाच्या तोंडावर खुंट रोवले की ते आपले आपण पालवायचे. मधे करवंदीच्या काटेरी फांद्या, आडवे चिवे म्हणजे बारीक बांबू, सुंभाच्या गाठी.

मोगली एरंडाशी आमचं खास सूत होतं. पानाचं देठ अर्धवट मोडायचं, फटीत चिकाचा पडदा धरतो, त्यावर अगदी हलकी फुंकर घालायची. साबणाच्या पाण्यापेक्षा सुरेख फुगे यायचे, हे मी आजही कुणाशीही पैज लावून सांगेन. फ्रॉकवर डाग पडायचे, ते मात्र कुठल्याच साबणाने जात नसत.

आणि वईला भोक असायचंच. मामा चिडून ते बुजवायचा, आठवड्यात ते त्याच जागी हजर. त्यातून कोंबड्या जायच्या, आम्ही जायचो, अळूच्या फदफद्याची वाटी जायची. वई बोटभर आपल्याकडे सरकली, असा संशय दोन्ही घरांना दरवर्षी असे. पण वाटीचा रस्ता त्यामुळे कधी बंद झाला नाही. आता तिथे चिऱ्याची भिंत आहे, वर काचा. वाटी न्यायची तर रस्त्याने वळसा घालावा लागतो, म्हणून कोणी नेत नाही.

भोक नसलेली वई इंग्रजांनी करून पाहिली होती. मिठावरचा कर कुणी चुकवू नये म्हणून बाभूळ, बोर, करवंद, निवडुंग लावून शेकडो मैलांचं कुंपण! १८६७ पासून तीनेक वर्षं ते जोमाने वाढवणारे जकात आयुक्त म्हणजे ॲलन ह्यूम. हो, १८८५ साली काँग्रेस स्थापन करण्यात पुढे असलेले तेच. वाळवी, उंदीर, आगी, वादळं यांनी कुंपणाला सुखाने जगू दिलं नाही, आणि मिठाची पोती लोक वरून पलीकडे फेकायचेच. १८७९ मध्ये सरकारने नाद सोडला. करवंदीची यात काही चूक नाही.

शेवटी मी कुंती घेतली. वाढायला सावकाश, पण फुलली की वास अंगणभर. रोप फूटभर झालं की शेंडा निर्दयपणे खुडायचा, म्हणजे बुंध्यापासून फुटवे येतात, असं नर्सरीवाल्याने दोनदा बजावलं. वाढत्या झाडाला कात्री लावायला माझा हात धजत नाही, तेव्हा खालून विरळ राहणार हे उघडच आहे. राहू दे. शेजारच्या मांजरीला जायला-यायला वाट हवीच.