आधी पन्हळ, मग रंग

रविवार, १५ जून

पंचवटीतल्या घराचा ताबा घेतल्यापासून आजचा हा पहिला पाऊस असा, की ज्यात बादल्या कुठे ठेवायच्या हे आधीच ठाऊक होते. माडीवर आढ्याखाली एक, जिन्याच्या कोपऱ्यात एक आणि मोरीलगत पातेले. बाकी कौले बदलून झाली असल्याने उरलेले घर कोरडे राहिले, याचे समाधान मोठे आहे.

अशी पडीक वास्तू पहिले घर म्हणून का घेतली, हा प्रश्न नातेवाईक अजून विचारतात. गंगापूर रोडवरच्या फ्लॅटच्या किमती हे त्याचे सरळ उत्तर आहे. पण मला या घरात जे बिघडले होते ते डोळ्यांना दिसत होते, हेही तितकेच खरे. खचलेली कौले, वाळवीने पोखरलेले दोन वासे, अर्थिंग नसलेली उघडी वायरिंग यांतले काहीच कुणी झाकले नव्हते. गोदाकाठ जवळ असल्यामुळे आम्ही आधी पूररेषा पाहिली. २५ वर्षांतून एकदा येऊ शकेल अशा पुराची निळी आणि १०० वर्षांतून एकदाच्या पुराची लाल, या दोन्ही रेषांच्या बाहेर घर आहे हे नकाशावर ताडून घेतले आणि मग शेजारच्या आजोबांनाही विचारले. २००८ आणि २०१९ या दोन्ही पुरांचे मोजमाप त्यांनी फुटांत सांगितले नाही. गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर लागले होते आणि तेव्हा आपल्या गल्लीचे तोंड कसे कोरडे होते, एवढेच सांगितले. नाशिकमध्ये ही साक्ष नकाशाइतकीच चालते.

पैशांचे गणित मात्र नव्या घरापेक्षा अवघड निघाले. कर्ज ३० लाखांच्या वर असल्याने बँक किमतीच्या ८० टक्क्यांपलीकडे जाऊ शकत नव्हती, मुद्रांक शुल्क व नोंदणी फी त्या हिशेबात धरली जात नाही, आणि दुरुस्तीचा खर्च तर सगळा खिशातलाच. खरेदीखत माझ्या एकटीच्या नावे केल्याने मुद्रांक शुल्कात १ टक्का वाचला. महिलांसाठीची ही सवलत राज्यात २०२१ पासून आहे, तरी सासऱ्यांना ती आमच्या खरेदीच्या दिवशीच प्रथम कळली आणि फारशी रुचली नाही. वाचलेली ती रक्कम पन्हळीत आणि वाशांत गेली.

गंमत अशी, की ज्या खोल्यांकडे वर्षानुवर्षे कुणी फिरकले नव्हते त्या बऱ्याच धडधाकट निघाल्या आणि सर्वांत आजारी निघाली ती आधीच्या मालकांनी हौसेने नवी केलेली पुढची खोली. तिथे सिमेंटचा गिलावा आणि त्यावर चकचकीत ऑइलपेंट आहे. मिस्त्रींनी हातोडीच्या दांड्याने भिंत वाजवत नेली. कमरेपर्यंत तिचा आवाज पोकळ येत होता. एका जागी टवका उडवला तेव्हा आत काळ्या दगडाचे जोते, त्यावर चुन्यात बांधलेल्या विटा आणि विटांवर पिठासारखा पांढरा लोणा दिसला. बोट फिरवले तर वीट भुसभुशीत होऊन हाताला आली. "ताई, पाणी खालून चढतंय. वरून कितीही लिंपा," मिस्त्री म्हणाले. जुन्या भिंतीत ओल रोखणारा थर नसतो. जमिनीतले पाणी विटांतून वर चढते आणि चुन्याचा गिलावा असेल तर बाहेर सुकून जाते. सिमेंट आणि ऑइलपेंटने ती वाट बुजवली, की पाणी वाट शोधत आणखी वर जाते, क्षार मागे ठेवते आणि शेवटी गिलावाच ढकलून काढते. मागच्या खोलीत जुना चुना जसाच्या तसा राहिल्यामुळेच तिथली भिंत टिकली आहे. पैशांअभावी राहून गेलेल्या दुरुस्तीने घराचे भले केल्याचे हे उदाहरण मला फार आवडले.

त्यातही या ओलीचा निम्मा दोष फुटक्या पन्हळीचा होता. वळचणीचे सगळे पाणी नेमके त्या भिंतीच्या पायाशी पडून मुरत होते. नवी पन्हळ काल लागली आणि आज पाणी गल्लीतल्या गटारात गेले. आता गिलावा कमरेच्या वरपर्यंत खरवडून भिंत उघडी ठेवायची, दिवाळीच्या सुमारास चुन्यात सुरखी, म्हणजे विटांची पूड, मिसळून लिंपायची, आणि तोवर वायरिंग व मोरीचा उतार उरकायचा, असा क्रम लावला आहे. चुन्याचे काम जाणणारा माणूस मिळायला वेळ लागेल आणि तो मजुरीही जास्त घेईल. तरी सिमेंट पुन्हा नको, यावर नवऱ्याचे आणि माझे एकमत आहे.

अडचण एकच आहे. सासूबाईंना चातुर्मास लागण्यापूर्वी वास्तुशांत हवी आहे आणि पाहुण्यांना बसवायचे ते त्याच पुढच्या खोलीत, म्हणजे सोललेल्या विटांसमोर. त्यांनी रंगाचे कार्ड पाहून फिकट पिवळाही निवडून ठेवला आहे. उद्या फोन नवऱ्याने करायचा, असे ठरले.