आयर्विनला किती?

सांगलीत पावसाळ्यात माणसं भेटली की आधी तब्येत विचारत नाहीत. ‘आयर्विनला किती?’ विचारतात, म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती फुटांवर आलंय. त्या प्रश्नाचं उत्तर ज्या पट्टीवरून निघतं, ती वाचायचं काम मी काही वर्षं केलं. ऑगस्ट २०१९ मधला एक फोन अजून डोक्यातून जात नाही, म्हणून लिहितो.

पट्टी वाचणं सोपं वाटतं. खांबावर फुटांचे आकडे रंगवलेले असतात, बघायचं आणि सांगायचं. पण पुराचं पाणी खांबावर आदळून चढतं. आदळत्या बाजूनं वाचलं तर आकडा फुगतो, आडोशाच्या बाजूनं वाचलं तर कमी येतो. मग मिनिटभर एकाच रेषेवर नजर रोखायची, लाट किती वर जाते आणि किती खाली येते ते बघायचं आणि मधला इंच धरायचा. कठड्यावरून नुसतं खाली डोकावून घेतलेला आकडा मी कधीच मानला नाही. रात्री बॅटरीचा झोत पाण्यावरून उलटा डोळ्यात येतो, गाळानं आकडे बुजतात. माझा रात्रपाळीचा जोडीदार अर्ध्या इंचासाठी पावसात परत खाली जायचा. त्याच्याइतका प्रामाणिक माणूस मी या कामात दुसरा पाहिला नाही. आणि हे वाचन चालू असताना पुलावर सेल्फीवाल्यांची झुंबड! बाजूला व्हा म्हटलं की आम्हालाच दम.

१८ नोव्हेंबर १९२९ ला व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते हा दगडी पूल खुला झाला. सांगली संस्थानचे अधिपती चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांच्या कारकिर्दीतलं हे बांधकाम, सांगली आणि सांगलीवाडी जोडणारं. तो पार होण्यासाठी बांधला, पण गावानं त्याला नदीचं माप करून टाकलं. ४० फूट इशारा, ४५ धोका, हे इथं शाळकरी पोरालाही पाठ. तो आकडा पट्टीच्या शून्यापासूनचा; आपल्या उंबऱ्याशी त्याचा हिशोब ज्यानं त्यानं जुळवायचा. नदीकाठच्या सूर्यवंशी प्लॉट वस्तीत पाणी शिरतं ते इशाऱ्याच्याही आधी. गल्लीगल्लीला तिचा फूट सांगणारी पाटी लागली पाहिजे, असं मी तेव्हाही म्हणत होतो.

त्या आठवड्यात पाणी पन्नाशीच्या वर गेलं होतं. दुपारी हरिपूरच्या तात्यांचा फोन आला. हळदीचे जुने व्यापारी, माझ्या वडिलांचे स्नेही.

“बाळा, आयर्विनला किती?”

मी आकडा सांगितला.

“आणि पुढं?”

पुढचं सांगणं माझं काम नव्हतं. आम्ही वाचतो, अंदाज वरून येतो. पण तात्यांचा आवाज मला ओळखीचा होता. २००५ ला हरिपुरातल्या पेवांत पाणी शिरलं, तेव्हा त्यांची जमिनीखाली साठवलेली हळद गेली होती. त्यानंतर त्यांनी नवं गोदाम बांधलं, जोतं २००५ च्या रेषेच्या हातभर वर. मी म्हणालो, “तात्या, २००५ च्या रेषेवर नाही जायचं. चढ मंदावलाय.”

चढ खरंच मंदावला होता, तासाला एखाद-दुसरा इंच. पण कोयनेचा विसर्ग कऱ्हाडला कृष्णेत उतरतच होता. हरिपूरला वारणा मिळते. ती तुडुंब असली की कृष्णेचं पाणी पुढं सरकत नाही, मागं फुगतं. हे मला माहीत होतं. तरी मी बोललो, कारण माझ्याही डोक्यात २००५ ची रेषा हीच नदीची कमाल होती. तेव्हा पाणी ५३ फुटांच्या पुढं गेलं होतं, त्यापलीकडचं कुणी पाहिलेलं नव्हतं. या वेळी ते ५७ च्या वर गेलं. शेवटचे फूट वाचताना मी आकडा जोडीदाराकडून दोनदा तपासून घेतला, मला माझ्याच डोळ्यांचा भरवसा वाटेना.

तात्या आणि घरातले होडीतून सुखरूप बाहेर पडले. पोती राहिली. पाणी ओसरल्यावर मी गोदामात गेलो. पोती फुगून शिवणीत उसवली होती, कुबट वास नाकातोंडात बसत होता. भिंतीवर कमरेएवढ्या उंचीवर चिखलाची रेघ होती आणि तिच्या बोटभर खाली, थेट कोपऱ्यापर्यंत, हळदीची पिवळी रेघ. मी तिच्यावर बोट फिरवलं, बोट पिवळं झालं. तात्या म्हणाले, “तू काय करणार रे, नदी ती.” त्यांनी मला एका शब्दानं दोष दिला नाही, आणि तेच मला जड जातं.

जुलै २०२१ मध्ये पाणी पुन्हा ५५ च्या आसपास गेलं. पन्नाशीच्या आतच तात्यांचा फोन आला, “आयर्विनला किती?”

मी फूट आणि इंच सांगितले. लगेच म्हणालो, “तात्या, माल हलवा.”

मागून टेम्पो सुरू झाल्याचा आवाज येत होता. “शेवटची खेप चाललीय,” ते म्हणाले.