जुन्या नोट्स, नवा इनटेक : ऑफ-सीझनची नोंद

आधी सद्यस्थिती सांगतो. एफआरसी या शाळकरी मुलांच्या रोबो स्पर्धेतल्या ‘क्रेसेंडो’ खेळाचा, म्हणजे 2024 च्या हंगामातला आमचा रोबो पुन्हा उभा राहिलाय. स्वर्व्ह ड्राइव्ह (प्रत्येक चाक स्वतंत्र वळवणारी यंत्रणा) विनातक्रार चालते, शूटर फिरतो. क्लाइंबर (रोबोला साखळीवर लटकवणारा भाग) काढून टाकला, कारण मंडळाच्या दिवाळीच्या प्रदर्शनात कुणी साखळीला लटकणार नाहीये. 2025 चा रोबो आहे की, असं कुणी म्हणेल. पण तो पाइपचे तुकडे फांद्यांवर लावतो आणि बघणाऱ्यांना त्यात फारशी गंमत वाटत नाही. लांबून रिंग फेकली की लहान मुलं किंचाळतात. म्हणून जुनाच बाहेर काढला.

अडलंय ते नोट्सपाशी, म्हणजे याच रिंगांपाशी. धड म्हणाव्यात अशा फारच थोड्या उरल्यात.

पुण्या-मुंबईच्या एफटीसीवाल्यांसाठी (एफआरसीचीच लहान रोबोंची भावंड स्पर्धा) दोन ओळी. नोट म्हणजे नारिंगी फोमची रिंग. बाहेरचा व्यास 14 इंच, आतला 10, जाडी 2 इंच, वजन सुमारे 235 ग्रॅम. रोबोने ती कार्पेटवरून उचलायची आणि स्पीकर नावाच्या उंच गोलमध्ये फेकायची, नाहीतर अँप नावाच्या खालच्या खाचेत सरकवायची. सामना अडीच मिनिटांचा, तीन विरुद्ध तीन, आणि बंपर-बॅटरी धरून एकेक यंत्र साठ किलोंच्याही पुढे जाऊ शकतं. सुरुवातीला मैदानावर 11 नोट्स मांडलेल्या (मधल्या रेषेवर 5, दोन्हीकडे 3-3), बाकीच्या बहुतेक ह्यूमन प्लेअर (मैदानाबाहेर उभा असलेला टीमचा माणूस) आत सोडतो. अडीच मिनिटांत या फोमचं काय होत असेल, याचा अंदाज यायला तुम्ही सामना बघायची गरज नाही.

मी मात्र तो फार जवळून बघितला. मिशिगनमध्ये डिस्ट्रिक्ट स्पर्धा बहुतेक शाळांच्या जिममध्येच होतात, आणि त्या वर्षी मी एका ठिकाणी फील्ड रिसेटला होतो. काम सोपं: सामना संपला की रिंगा गोळा करायच्या, हातात फिरवून बघायच्या, फाटलेली बाजूला टाकायची, बाकीच्या जागेवर मांडायच्या. पहिल्या सकाळी सगळ्या कोऱ्या, कडा धारदार. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कार्पेटवर नारिंगी चुरा, रोबोंच्या पोटात नारिंगी चुरा, आमच्या मोज्यांवरही तोच. नियमपुस्तक यात समंजस आहे. हाताळताना ओरखडे, डाग पडणारच, ते चालतं. खाच पाडणं किंवा लचका तोडणं चालत नाही. आता ओरखडा कुठे संपतो आणि लचका कुठे सुरू होतो, हे ठरवणाऱ्या पंचाला माझा नमस्कार.

तर आमच्या रिंगांची वर्गवारी. एका ढिगात मैदानावर नेता येतील अशा, दुसऱ्यात फक्त सरावाच्या, तिसऱ्यात मेलेल्या. तिसरा ढीग सर्वांत मोठा. त्यातली एक टेबलावर ठेवून नीट बघितली. कडेला चार बोटं रुंदीचा पट्टा उंदराने कुरतडल्यासारखा, आत फिकट रंगाचा फोम उघडा पडलेला, आणि त्याच्या बरोबर समोरच्या बाजूला तसाच दुसरा पट्टा. मधला सगळा भाग जवळजवळ नवा. म्हणजे रिंग सगळीकडून सारखी झिजत नाहीये. दोनच जागी झिजतेय, आणि तिथे जोरात.

व्हर्नियर लावला. चांगल्या भागात जाडी 51 मिलिमीटर, कुरतडलेल्या भागात 45. सहा मिलिमीटरने काय बिघडतं? आमच्या शूटरच्या वरच्या आणि खालच्या चाकांतलं अंतर 38 मिलिमीटर आहे. नवी रिंग 13 मिलिमीटर दाबली जाते, झिजलेली फक्त 7. दाब निम्म्यावर आला की पकड गेली आणि फेक आखूड पडली. त्यातून रिंग गोल, त्यामुळे झिजलेला भाग चाकाखाली आधी येईल, मध्ये येईल की शेवटी, हे दरवेळी वेगळं. मुलं महिनाभर शूटरच्या कोनाचं टेबल (किती अंतरावरून कुठला कोन, तो तक्ता) सुधारत बसली होती. एवढ्या झिजलेल्या रिंगांवर ते टेबल कधीच बसलं नसतं.

सगळ्यांचा संशय अर्थातच शूटरवर. चार इंची चाकं 5000 आरपीएमने फिरतात, कडेचा वेग सेकंदाला साडेसव्वीस मीटर, आवाजही तसाच. पण जरा हिशेब करा. रिंग शूटरमधून जाते 36 सेंटिमीटर, साधारण 2 मीटर प्रतिसेकंद वेगाने शिरते आणि 15 ने बाहेर पडते. याला चार शतांश सेकंद लागतात. तेवढ्या वेळात चाकाची कड 1.1 मीटर सरकते, म्हणजे घासणं झालं फार तर पाऊण मीटर, तेही रिंगेच्या पूर्ण लांबीवर पसरलेलं. चाकं भाराखाली मंदावतात, ते धरलं तर आणखी कमी.

आता इनटेक, म्हणजे रिंग जमिनीवरून आत ओढणारा भाग. रोलर 2 इंची, नियो मोटर, 3:1 गिअर. रोबोचा हात वर असताना रिंग आत घेतली की ती फीडरच्या (रिंग शूटरकडे सरकवणाऱ्या भागाच्या) तोंडाशी अडकून थांबते. ड्रायव्हर बटण सोडत नाही, कारण सोडलं आणि रिंग पडली तर? रोलर अडलेल्या रिंगेवर सेकंदाला चारेक मीटर वेगाने घासत राहतो. दोन सेकंद धरलं तर आठ मीटर, आणि सगळं त्याच चार बोटांवर. शूटरच्या दहापट, एका जागी. वरच्या आणि खालच्या रोलरने मिळून ते दोन पट्टे पाडलेत.

खात्री करायला खडूची युक्ती वापरली. सुतार रेघ मारायच्या दोरीला लावतात तो निळा खडू रिंगेवर चोळायचा, एकदा यंत्रातून न्यायची, आणि निळा कुठे पुसला गेला ते बघायचं. (घरात रांगोळीचे रंग पडून होते, पण ते वापरू नका. तो दगडाचा भुगा, फोम अजूनच खरवडेल.) शूटरने सगळीकडून हलकासा पुसला होता. इनटेकने दोन पट्टे कोरडे ठणठणीत केले होते. शिवाय एक बारीक तिरकी रेघ निघाली, ती कशानेच जुळेना. शेवटी एका पोराने फीडरच्या आत बोट घातलं आणि हात झटकन मागे घेतला. एन्कोडरच्या (फिरणं मोजणाऱ्या सेन्सरच्या) वायरला बांधलेल्या झिप टायची कापलेली शेपटी. साध्या पक्कडीने तिरकी कापली की तिला ब्लेडची धार येते. फ्लश कटरने सगळ्या शेपट्या पुन्हा कापल्या, पॉलिकार्बोनेटच्या कडांवरून धार काढून टाकणारं डीबरिंग टूल फिरवलं, आणि रिंगेच्या वाटेतले उभ्या डोक्याचे स्क्रू काढून गोलसर, बसक्या डोक्याचे बटण हेड लावले. हे काम एका संध्याकाळचं आहे आणि कुठल्याही रोबोला लागू आहे.

खरी दुरुस्ती मोटरच्या करंट लिमिटमध्ये होती, म्हणजे मोटरला जास्तीत जास्त किती करंट घेऊ द्यायचा त्या मर्यादेत. भारतात जाताना बॅगा तोलायला आपण जो हुकवाला काटा वापरतो, तो घ्या. रोलर हाताने घट्ट धरून ठेवा, अडकलेली रिंग काट्याने ओढा, आणि ती कधी सरकायला लागते ते वाचा. आमच्याकडे साधारण 7 किलो, म्हणजे 70 न्यूटनच्या आसपास. नियोचा स्टॉल टॉर्क (मोटर अडवून धरली असताना तिचा पीळ) 105 अँपिअरला 2.6 न्यूटन-मीटर, म्हणजे अँपिअरमागे साधारण 0.025. मर्यादा 40 अँपिअर ठेवली की 3:1 गिअरनंतर रोलरच्या कडेला 117 न्यूटन मिळतात. सत्तरच्या वर गेलं की रोलर घसरणार, घसरला की घासणार. 20 अँपिअरला मिळतात 58. तेवढ्यात रिंग अडली तर रोलरच थांबतो, फोमवर गरगरत नाही. पाव किलोच्या आत वजन असलेली रिंग उचलायला 58 न्यूटन भरपूर झाले. थांबलेली मोटर तापेल अशी भीती होती, पण 20 अँपिअरला गुंडाळीत पन्नासेक वॉटच जिरतात, आणि करंट अर्धा सेकंद मर्यादेला टेकलेला राहिला की कोड रोलर बंद करतो.

सोबत बीम ब्रेक सेन्सर लावला, म्हणजे किरण अडला की रिंग आली असं सांगणारा. इथे रिंगेच्या आकाराची एक खोड आहे. सेन्सर मधोमध लावला तर त्याला आधी 2 इंच फोम दिसतो, मग 10 इंच भोक, मग परत फोम. कोडला वाटतं दोन वस्तू आल्या. सेन्सर मध्यापासून साडेपाच इंच बाजूला सरकवला की किरण रिंगेच्या भरीव कडेतून जातो आणि सलग 22 सेंटिमीटर फोम दिसतो. त्यासाठी रिंग मध्यावरच यायला हवी, म्हणून दोन्ही बाजूंना तिरके गाइड. ते अजून पुठ्ठ्याचे आहेत. चालतायत, म्हणून कुणी बदलत नाही.

तिसऱ्या ढिगाच्या डागडुजीबद्दल. सुपरग्लू नको. सांधा कडक होतो आणि त्याच्याच कडेने पुन्हा फाटतं. कॉन्टॅक्ट सिमेंट दोन्ही बाजूंना लावून, हाताला चिकटेनासं होईपर्यंत वाळवून, मग दाबलं तर चीर नीट मिटते. पण लचका गेलेला असेल तर तिथे काही भरता येत नाही. टेप गुंडाळायचा मोह होतो. टेपवर रोलर घसरतो, आणि टेपचं टोक सुटलं की ते रोलरभोवती गुंडाळलं जातं. अशा रिंगा सरावाला ठीक.

बाकीच्या वर्षांकडे बघितलं की गेम पीस (खेळात उचलायच्या-फेकायच्या वस्तू) निवडणाऱ्यांचं काम किती अवघड आहे ते कळतं. 2016 चे 10 इंची फोमचे ‘बोल्डर’ आणि 2020 चे 7 इंची पिवळे चेंडू हीच रड: नवा चेंडू एक रेघ धरतो, जुना दुसरी. 2022 चे मोठे टेनिस बॉल केस गाळायचे आणि तो लव फिल्टर नसलेल्या प्रत्येक पंख्यात जायचा. 2023 चे फुगवायचे जांभळे क्यूब हवा सोडायचे. 2015 चा खेळ तर ‘रिसायकल रश’, कचरा वेगळा करण्याचा, आणि त्यात कचरा म्हणून पूल नूडल्स. आमच्याकडचे पुढे बंपरच्या आत गेले, तेवढंच पुण्य. 2025 चं ‘कोरल’ मात्र माझं आवडतं: 4 इंची पीव्हीसी पाइपचा फूटभर तुकडा. हार्डवेअरच्या दुकानातून पाइप आणा, कापा, झालं. आमचे सगळे तुकडे शाबूत आहेत, झिजली ती आमची चाकं, आणि चाकं बदलता येतात. त्या वर्षीचा 16 इंची रबरी ‘अल्गी’ मात्र फुटतो.

तरी फोम बंदच करा असं मी म्हणणार नाही. साठ किलोंची यंत्रं पंधरा मीटर प्रतिसेकंदाने काही फेकणार असतील आणि जाळीपलीकडे लोक बसलेले असतील, तर ते मऊच हवं. नवख्या टीमलाही फोम सांभाळून घेतो, इंचभर चुकलं तरी पकड बसते. खटकतं ते एवढंच की रोबोच्या तपासणीत वजन, उंची, वायरिंग सगळं बघतात, पण इनटेकमध्ये एक रिंग दहा सेकंद अडकवून काय होतं ते कुणी बघत नाही. अशी एक चाचणी असती तर आमच्यासारखे अर्धे इनटेक पहिल्याच सकाळी पकडले गेले असते.

पुण्याहून भाचीचा निरोप: तिची एफटीसी टीम ‘डीकोड’ची, म्हणजे 2025-26 च्या खेळाची तयारी करतेय, भोकांचे 5 इंची प्लास्टिक चेंडू, 24 जांभळे आणि 12 हिरवे. “मामा, चेंडू गुळगुळीत झालेत, चाकाला पकडच मिळत नाही. आणि दोन तडकलेत.” फोटो मागवला. तडा भोकांच्या मधल्या पट्टीत, चाक आणि मागच्या प्लेटच्या मध्ये चेंडू अति दाबला जातोय. प्लेट थोडी मागे घे, चाक मऊ घे, 35ए ड्युरोमीटर (रबराच्या कडकपणाचं माप) च्या आसपासचं, आणि चेंडूंना मार्करने नंबर घाल म्हणून सांगितलं. नंबर घातले की कुठला चेंडू किती वापरला ते कळतं आणि तेच तेच चेंडू भरडले जात नाहीत. तिकडे बाहेरून मागवायचं म्हणजे शिपिंग आणि कस्टम्स, त्यामुळे ही मुलं एकेक चेंडू जपून वापरतात. आमच्या मुलांना सांगितलं तर ती आधी हसली आणि मग त्यांनीही रिंगांना नंबर घातले.

पुढचं काम: गाइड पॉलिकार्बोनेटचे करायचे, आणि रोबोचा हात खाली येईपर्यंत इनटेकचं बटण कोडमधूनच दुर्लक्षित करायचं. ड्रायव्हर चिडलाय, पण त्याला दिवाळीच्या प्रदर्शनात पहिली फेक देऊ केलीय. तुमच्याकडे 2024 च्या जुन्या नोट्स असतील तर झिजलेल्या पट्ट्याची जाडी आणि तुमच्या इनटेकचं करंट लिमिट, एवढे दोनच आकडे कळवा. माझ्या 20 अँपिअरला फक्त आमच्याच रोबोचा आधार आहे, आणि बेल्टच्या इनटेकवर हे गणित कसं बसतं ते मला बघायचंय.