संशोधन केंद्र पुण्यात, मग उत्पादकता कुठे?

बहुराष्ट्रीय कंपनीचं संशोधन केंद्र आलं की जिल्ह्याची दर कामगार उत्पादकता वाढते, असं म्हणतात. कागदावर वाढते हे खरं, पण तो आकडा बनतो कसा हे बघितलं की उत्साह जरा ओसरतो.

पुण्यातली अशी बरीचशी केंद्रं परदेशातल्या मूळ कंपनीला सेवा देतात आणि बिल लावतात ते झालेला खर्च अधिक ठरावीक टक्के. समजा वर्षाचा खर्च १०० कोटी: पगार ७०, घसारा १०, बाहेरची खरेदी २०. वर १५ टक्के धरले तर बिल ११५ कोटींचं. बाहेरची खरेदी वजा जाता उरतं ते मूल्यवर्धन, इथे ९५ कोटी; त्याला कामगारांच्या संख्येने भागलं की दर कामगार उत्पादकता. पुढच्या वर्षी माणसं तीच, काम तेवढंच, फक्त पगार १० टक्क्यांनी वाढले. खर्च १०७, बिल १२३.०५, मूल्यवर्धन १०३.०५ कोटी. म्हणजे चालू किमतींना (महागाई न वगळता) उत्पादकता जवळपास साडेआठ टक्क्यांनी वर, एकही नवा शोध न लागता! उलट, इथल्या टीमने इंधन वाचवणारं इंजिन काढलं तरी पेटंट सहसा मूळ कंपनीच्या नावावर जातं, परवाना शुल्क तिकडेच जमा होतं आणि इथलं बिल जसंच्या तसं राहतं.

खरा फायदा शोधायचा तर भोसरी-चाकणच्या वर्कशॉपमध्ये. १ एप्रिल २०२० पासून देश वाहनांच्या धुराच्या बीएस-४ निकषांवरून थेट बीएस-६ वर गेला, तेव्हा डिझेल गाड्यांची धूर शुद्ध करणारी यंत्रणा बदलली आणि तिच्या आजूबाजूचे ब्रॅकेट, पाइप, सेन्सरच्या जागाही बदलल्या. केंद्रासाठी अशा भागाचे नमुन्याचे दहा नग बनवायचे तरी सीएमएम (भागाची अचूक मापं घेणाऱ्या) मशीनवरचा मोजमाप अहवाल, बिघाडांचं आगाऊ विश्लेषण आणि कंट्रोल प्लॅन, म्हणजे कुठल्या टप्प्यावर काय तपासायचं याचा आराखडा, लागतो. ही शिस्त एकदा अंगवळणी पडली की तोच कारखानदार दुसऱ्या गिऱ्हाइकाचं कामही कमी रिजेक्शनमध्ये काढतो. केंद्र उद्या बंद पडलं तरी हे कौशल्य जिल्ह्यातच राहतं. चाचणीची सामायिक सोय असली की लहान पुरवठादारही टिकतो. वेताळ टेकडीवरच्या, १९६६ मध्ये स्थापन झालेल्या एआरएआय या वाहन चाचणी-संशोधन संस्थेचं मोल मला म्हणूनच मोठं वाटतं.

केंद्रात नुसतं संगणकावरचं सिम्युलेशन होत असेल, नमुने जिल्ह्याबाहेरून येत असतील आणि व्हेंडरची यादी मुख्यालयातून ठरत असेल, तर यातलं काहीच घडत नाही. दहा नगांसाठी मशीन थांबवून सेटिंग बदलायचं आणि दर मात्र मोठ्या उत्पादनाचा मिळायचा, असं असेल तर वर्कशॉपवालाही दुसऱ्यांदा नाहीच म्हणतो.

तेव्हा सरकारने सवलत देताना किती खुर्च्या भरल्या हे मोजू नये, वरच्या हिशोबातले बाहेरच्या खरेदीचे ते २० कोटी फोडून मागावेत. जीएसटीच्या खरेदी नोंदींतून हे काढता येतं: सेवांच्या कोडनुसार जागेचं भाडं ९९७२ या गटात, जॉबवर्क (दुसऱ्याच्या मालावर करून दिलेलं काम) ९९८८ मध्ये, तांत्रिक चाचणी ९९८३४६ मध्ये. पुरवठादाराचा नोंदणी क्रमांक २७ ने सुरू झाला की तो महाराष्ट्रातला. जिल्हा मात्र बिलावरच्या पत्त्यावरूनच बघावा लागेल.