समासातली पेन्सिल

8 जून

मृग लागला आणि आज पहाटे पहिला बरा पाऊस झाला. मंगळवार पेठेतल्या आमच्या गच्चीवरून अजिंक्यतारा समोर दिसतो, तो सकाळी पूर्ण ढगात होता. सहाला चहा ठेवला, आईंना उठवलं. तोंड धुऊन त्या भिंतीला टेकून बसल्या आणि मी 8 जूनचं पान काढलं.

दिवाळीपासून हे आमचं रोजचं झालंय. गोंदवलेकर महाराजांची प्रवचनं. वर्षातल्या प्रत्येक तारखेला एक प्रवचन, साधारण पानभराचं. मोठ्याने वाचायला पाच-सहा मिनिटं पुरतात. आई म्हणजे माझ्या सासूबाई, वय 81. दिवाळीच्या सुमारास त्यांची नजर फार झपाट्याने गेली. कडेचं दिसतं, पण समोर बघायला गेलं की मधोमध धुरकट डाग येतो. दारात कुणीतरी उभं आहे एवढं कळतं, अक्षर मात्र डोळ्यांना धरता येत नाही. डॉक्टर म्हणाले, आहे ती नजर जपायची. त्या दिवशी घरी आल्यावर त्या नजरेबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत. रात्री जेवताना एवढंच म्हणाल्या, "सकाळचं वाचन तेवढं कुणी करेल का?"

मी हो म्हटलं, पण मनातून वैतागले होते. हे पहिल्या पाळीला साडेपाचलाच बाहेर पडतात. सहा ते नऊ या वेळात पाणी, डबा, आईंचं आवरणं, धुणं, आणि सव्वानऊला मला पोवई नाक्याला पतसंस्थेत पोचायचं असतं. त्यात हे वाचन कुठे बसवणार? पहिला महिनाभर मी बातम्या वाचाव्यात तशी भराभर वाचायची. आई कधी काही म्हणाल्या नाहीत. फक्त एक दिवस पान संपल्यावर त्यांनी विचारलं, "पुन्हा एकदा वाचतेस? जरा सावकाश." तो चहा गार झाला, मला उशीरही झाला. पण त्या दिवशी पहिल्यांदा मी काय वाचलं ते माझ्या कानावर पडलं.

9 जून

आज कॅश पहिल्या फटक्यात टॅली झाली. लिहून ठेवते, कारण मार्चमधला तो दिवस अजून अंगावर येतो.

मार्चअखेरची गर्दी, पिग्मीवाल्यांची रांग, कर्जाचे हप्ते भरणारे. संध्याकाळी कॅशला 2,000 रुपये कमी आले. नोटा तीनदा मोजल्या. व्हाउचर एकेक करून लावून बघितली. कुठे चूक झाली ते आजतागायत सापडलेलं नाही. पैसे माझ्या पगारातून गेले, तो नियमच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण चौघांसमोर ज्या सुरात मला बोललं गेलं, तो सूर रात्रभर कानात घुमायचा. दोन-अडीचला जाग यायची आणि अंधारात मी पुन्हा नोटा मोजत बसायची.

त्याच आठवड्यात एसटी स्टँडवरच्या स्टॉलवरून मी दोन पुस्तकं घेतली. मन खंबीर कसं करावं, काळजी कशी सोडावी, अशा विषयांची. दोन्ही भाषांतरं. त्या पुस्तकांना नावं ठेवणारे लोक आहेत, मला ते पटत नाही. रात्री अडीचला जागं असणाऱ्या बाईला शंभर-दीडशे रुपयांत कुणीतरी साध्या भाषेत बोलतंय, ही लहान गोष्ट नाही. पहिलं पुस्तक मला मानवलं नाही. त्यात सारखं जिंकायचंच होतं, आणि वाचून झालं की आपलं सगळं चुकलंच आहे असं वाटायचं. दुसऱ्यातली एक गोष्ट मात्र मी उचलली. कागदाच्या मधोमध रेघ मारायची. एका बाजूला माझ्या हातात आहे ते, दुसऱ्या बाजूला माझ्या हातात नाही ते. ही कल्पना एपिक्टेटस नावाच्या तत्त्वज्ञाची, तो जन्मला गुलाम म्हणून, जवळजवळ 2,000 वर्षांपूर्वी. ज्याच्या हातात स्वतःचं शरीरसुद्धा नव्हतं त्याला ही रेघ सुचली, हे वाचून मी पुस्तक मिटून थोडा वेळ तशीच बसले.

मी कागद घेतला. गेलेले 2,000, हातात नाही. ते बोलणं, हातात नाही. उद्या नोटा मोजताना फोन लांब ठेवणं, हातात आहे. तीन ओळी लिहिल्या आणि झोप लागली. रोज लागली असं नाही. त्या रात्री लागली.

10 जून

पाऊस. वाचलं.

11 जून

आज वाचन झालं नाही. पाणी उशिरा आलं, गॅस संपला, लेकीचा पुण्याहून फोन आला तो लांबला. आईंना म्हटलं, संध्याकाळी वाचू. संध्याकाळी मी पाठ टेकली ती आठलाच उठले.

12 जून

कालचं आणि आजचं, दोन्ही पानं वाचू का म्हणून विचारलं. आई म्हणाल्या, "कालचं राहू दे. आजचं वाच." पुढचं पान बघायलाही त्यांची मनाई असते. "उद्याचं उद्या."

आता त्या समासाबद्दल लिहायलाच हवं, किती दिवस लिहीन लिहीन म्हणतेय.

हे पुस्तक आईंनी 1991 साली गोंदवल्याहून आणलं. सातारा स्टँडवरून दहिवडीची गाडी, तिथून पुढे गोंदवलं, दर वर्षी त्यांची एक खेप ठरलेली असायची. महाराज 1913 साली गेले, पण आई त्यांच्याबद्दल शेजारच्या वाड्यातल्या वडीलधाऱ्या माणसाबद्दल बोलावं तसं बोलतात. पुस्तकाला खाकी कव्हर आहे, कणा चिकटपट्टीने तीनदा धरलेला, आणि उघडलं की कापराचा वास येतो. प्रत्येक पानाच्या समासात पेन्सिलीने बारीक बारीक लिहिलेलं आहे. पेनाने लिहिलं तर पुस्तक खराब होतं म्हणून पेन्सिल.

सुरुवातीला मला वाटलं प्रवचनातली शिकवण टिपून ठेवली असेल. तसं काही नव्हतं. पान दर वर्षी त्याच तारखेला उघडायचं, म्हणून आईंनी त्या त्या वर्षाचा आकडा घालून पुढे एकेक ओळ लिहिलेली. '94, इंदूचं पत्र आलं.' '97, ह्यांना ताप 102.' '01, नळाला पाणी नाही, आडावरून आणलं.' '03, लोणचं घातलं, कैऱ्या 5 किलो.' एकाच पानावर पंधरा-सोळा वर्षं एकाखाली एक. समास भरला की ओळ वळून वरच्या कडेला गेलेली. आईंनी कधी वही केली नाही, डायरी केली नाही. सातवी शिकलेली बाई, पण तिची रोजनिशी आमच्याच घरात देवाच्या फळीवर होती आणि मला लग्नानंतर इतकी वर्षं पत्ता नव्हता.

ज्या दिवशी वाचलं नाही त्या दिवशी आकड्यापुढे एक छोटं शून्य. ही शून्यं बघून मला नवल वाटलं, कारण माझ्या डोक्यात आईंचं चित्र वेगळं होतं. शांत बाई, रोज पहाटे देवापुढे, कधी आवाज चढला नाही. मला वाटायचं हा त्यांचा स्वभाव आहे, जन्मतःच मिळालेला, आपल्याला मिळालेला नाही. 1998 च्या ऑक्टोबरात सलग अकरा शून्यं आहेत. मामंजी दवाखान्यात होते तेव्हाची. बाराव्या दिवशी, '98, घरी आणलं. वाचलं.' एवढंच. मधल्या अकरा दिवसांबद्दल काही नाही, भरून काढल्याची खूण नाही. आणि फेब्रुवारीतल्या एका पानावर, कुठल्याही खास तारखेला नव्हे, '99, मन अजिबात लागत नाही. तरी वाचलं.' असं लिहिलेलं. ही ओळ मी कितीदा तरी बघितली आहे. 'तरी' हा शब्द जरा दाबून लिहिलाय, पेन्सिलीचं टोक कागदात रुतलंय. बोट फिरवलं तर लागतं.

पतसंस्थेत आम्ही रोजकीर्द लिहितो. कालची अखेरची शिल्लक ती आजची आरंभीची शिल्लक, जी असेल ती, कमी असो जास्त असो. त्याच आकड्यावरून दिवस सुरू करायचा. बावीस दिवस सुट्टी घेऊन परत आलं तरी कीर्दीचं पान तिथूनच पुढे चालतं. आईंची शून्यं बघताना मला ते आठवलं. मी मात्र एखादा नेम दोन दिवस मोडला की सोडूनच द्यायची. योगाचा वर्ग असाच सोडला, चालणं असंच सोडलं.

13 जून

संध्याकाळी आईंना बरं वाटत होतं, म्हणून दासबोध काढला. हा नियमाने नाही, मन झालं तर. 20 दशक, 200 समास (इथे समास म्हणजे प्रकरण), 7,751 ओव्या, एवढं मोठं पुस्तक बघून मी आधी हातच लावायची नाही. समर्थांची समाधी आपल्या सज्जनगडावर, लहानपणापासून दासनवमीला जातेय, पण ग्रंथ म्हणजे कीर्तनकारांसाठी असं वाटायचं. मग कळलं की कुठूनही एक समास उघडावा. त्यात रोजच्या जगण्याचंच आहे. झोपाळू माणसांवरही एक अख्खा समास आहे, अठराव्या दशकातला नववा. तो वाचताना आईंना डुलकी लागली होती.

आज तिसऱ्या दशकातला सहावा काढला, आध्यात्मिक तापाचा. नाव ऐकून मला वाटलं काहीतरी अवघड असेल. समर्थ तिथे सरळ शरीराची दुखणी मोजायला लागतात. खरूज, खवडे, पुळ्या, नारू, देवी, गोवर, ओवीमागून ओवी, थांबतच नाहीत. एवढा मोठा संत, गडावर बसलेला, आणि माणसाला काय काय दुखतं याची यादी करतोय. आधी दुखणं नीट नावानिशी ऐकून घेतलंय, मग पुढचं सांगितलंय. मला हे फार जवळचं वाटलं. काळजीत असताना मला नेमकं हेच हवं होतं, कुणीतरी आधी ऐकून घेणं.

आई म्हणाल्या, "गुडघे आहेत का गं त्यात?"

मी अजून शोधतेय.

मग भिलारचा विषय निघाला. पाचगणीजवळचं ते पुस्तकांचं गाव, 2017 च्या मे महिन्यात सुरू झालं. आईंची नजर चांगली होती तेव्हा एका रविवारी आम्ही तिघं गेलो होतो. कुणाच्याही घरात जायचं, पुस्तक काढायचं, वाचत बसायचं. एका घरात संतसाहित्य, दुसऱ्यात कविता, तिसऱ्यात लहान मुलांचं. आई संतसाहित्याच्या घरात ज्या बसल्या त्या चार वाजेपर्यंत उठल्या नाहीत. त्या घरच्या बाईंनी आपणहून चहा दिला होता. "पुस्तकाला कुलूप नव्हतं तिथं," आई आज म्हणाल्या. एवढंच त्यांना सगळ्यात जास्त लक्षात राहिलंय.

14 जून

उद्या 15 जून. उद्याच्या पानाबद्दल मला दिवाळीपासून धास्ती आहे.

15 जून 2006, गुरुवार. लेकीचा पहिलीचा पहिला दिवस, आणि त्याच महिन्यात मला पतसंस्थेत नोकरी लागलेली. आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभ्या राहून म्हणाल्या होत्या, पोरीला शाळेत ढकलायचं आणि स्वतः काउंटरवर जाऊन बसायचं, हे कसलं घर. त्या एकदाच बोलल्या, पुन्हा कधी नाही. पण ते वाक्य मी सांभाळून ठेवलं. पुढे त्यांनीच लेकीला वाढवलं, डबे भरले, तिच्या तापात रात्री जागल्या, आणि तरी दर वेळी त्यांनी काही चांगलं केलं की माझ्या मनात उंबऱ्यातलं ते वाक्य वर यायचं. आरंभीची शिल्लक म्हणून मी तेच पुढे ओढत आले.

त्या पानावर त्यांनी काय लिहिलं असेल? पुस्तक फळीवरच आहे. हात लावला नाही. उद्याचं उद्या.

15 जून

सहा वाजता पान उघडलं. आधी प्रवचन वाचलं, सावकाश, नेहमीसारखं. आवाज एक-दोनदा अडखळला. आईंनी डोळे मिटले होते. संपल्यावर त्यांनी हात जोडले.

मग मी समासात बघितलं. '02, '03, '04 आणि '05 होते, आणि त्यांच्याखाली '06.

'तांदूळ इंद्रायणी 10 किलो. वाचलं.'

एवढंच. मी पान तिरकं करून खिडकीच्या उजेडात धरलं, खोडलेलं काही आहे का बघायला. कागद तिथे गुळगुळीत होता.

मी आईंना म्हटलं, "आई, लेक पहिलीत गेली त्या दिवशी आपलं बोलणं झालं होतं. आठवतं तुम्हाला?"

त्या थोडा वेळ गप्प बसल्या. आठवत होत्या, की आठवलेलं चाचपत होत्या, मला कळलं नाही. मग म्हणाल्या, "त्या पानावर काय लिहिलंय मी?"

"तांदूळ आणलेला. इंद्रायणी, दहा किलो."

"हं," त्या म्हणाल्या. "मावळातून आला होता तो. भात असा व्हायचा की तुझी लेक नुसता तूप-मीठ घालून खायची. दोन वाट्या. शाळेतून आली की आधी भात." त्यांनी हात पुढे केला, मी पुस्तक त्यांच्या हातात दिलं. मान जरा वळवून, डोळ्याच्या कडेने त्यांनी समासाकडे बघितलं, बोट '06 च्या ओळीवर बरोबर नेलं आणि तिथेच ठेवलं. "तसा तांदूळ पुन्हा मिळाला नाही गं."

बाहेर पाऊस लागला होता. सात वाजून गेले, डबा व्हायचा होता. मी अजून एक चहा टाकला.