मांडवाच्या कडेची सुतळी

गणपतीत आमच्या मंडळाची कार्यक्रमपत्रिका पिवळ्या नाहीतर गुलाबी कागदावर छापलेली असायची. लिंबू-चमचा, संगीत खुर्ची, महिलांसाठी पाककृती, सत्यनारायण, महाप्रसाद, म्हणजे सगळ्या पुण्यात असतं तेच. एक ओळ तेवढी आमची स्वतःची होती : ‘बालगोपाळांनी टिपलेली आपली वसाहत. स्थळ : मांडवाची डावी बाजू.’ उजव्या बाजूला पुस्तकांचा फळा आणि जनरेटर. डावीकडे बांबूला बांधलेल्या सुतळ्या आणि त्यांना कपड्यांच्या चिमट्यांनी लटकवलेले फोटो.

वसाहत गोखलेनगरातली, पूरग्रस्तांची. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं बांधकाम चालू असलेलं मातीचं धरण फुटलं, त्या लोंढ्याने खडकवासल्याचं जुनं दगडी धरणही गेलं आणि मुठेकाठच्या पेठांमध्ये पाणी शिरलं. नारायण, शनिवार, कसबा, पलीकडे शिवाजीनगरचा नदीकडचा भाग. वाडेच्या वाडे बसले. त्यातली कितीतरी बिऱ्हाडं मग गावाबाहेर सरकारी वसाहतींत आली. काहींनी आधी अर्धगोल पत्र्याच्या निसेन हटमध्ये उन्हाळे काढले. आम्ही मुलं हे ऐकतच मोठी झालो. घरात ‘पुराच्या आधी’ आणि ‘पुरानंतर’ अशी दोनच युगं होती. ‘ही कढई पुराच्या आधीची’ म्हटलं की तिला हात लावताना जरा जपून.

कढया राहिल्या, पाटा-वरवंटा गाळातून निघाला, पण फोटो? लग्नातले, मुंजीतले, भिंतीवर हार घातलेले सासरे, सगळं लगद्यात गेलं. बहुतेक घरांत पुराआधीचा एकही फोटो नव्हता. माझ्या आजीला तिच्या धाकट्या दिराचा चेहरा सांगता यायचा, दाखवता यायचा नाही. सुतळीपाशी येऊन म्हातारी माणसं एवढा वेळ का उभी राहतात, हे मला फार नंतर उमगलं. तेव्हा वाटायचं, देखाव्याकडे गर्दी आहे म्हणून इकडे आलेत.

हा उद्योग सुरू केला आमच्याच ओळीतल्या एका काकांनी, १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात. नोकरी खडकीच्या अॅम्युनिशन फॅक्टरीत, फर्स्ट शिफ्ट. दुपारी घरी आले की उरलेला दिवस फोटोचा. त्यांच्याकडे एक आग्फा क्लिक थ्री कॅमेरा होता, काळा, हलका, खेळण्यासारखा. मंडळाने वर्गणीतून एका रोलचे आणि कागदाचे पैसे द्यायचे, काकांनी कॅमेरा द्यायचा आणि श्रावणात मुलांनी वसाहत फिरायची, असं ठरलं. वर्गणीच्या बैठकीत यावरून दरवर्षी खडाजंगी व्हायची. ‘पोरांच्या चाळ्यांना पैसे, आणि मिरवणुकीच्या गाडीला नाहीत?’ हे वाक्य मी वेगवेगळ्या खजिनदारांच्या तोंडून ऐकलंय.

‘१२०’ नावाच्या रुंद फिल्मच्या रोलवर त्या कॅमेऱ्यात बाराच फोटो निघायचे, चौकोनी. सहा मुलांची टोळी, म्हणजे प्रत्येकाला दोन. या दोनांनी आमच्यावर जे संस्कार केले ते शाळेला जमले नाहीत. श्रावणातलं ऊन यायचं आणि जायचं, काका म्हणायचे ऊन पाठीशी घ्या, हात हलवू नका, फार जवळ गेलात तर पुसट येईल. कॅमेऱ्याच्या पाठीवर एक लाल काचेची खिडकी होती, तिच्यातून आकडा दिसेपर्यंत रोल पुढे फिरवायचा. फिरवायला विसरलं की एकावर एक दोन फोटो. एकदा असं झालं : एका आजींच्या पोटातून पाण्याचा टँकर निघालेला. काका तो फेकणार होते. आजी म्हणाल्या, ‘राहू दे, खरंच आहे ते. जन्म पाण्यातच गेला.’ तो सुतळीवर पहिल्या नंबरला लागला.

मोठी माणसं फोटो काढायची तेव्हा लोकांना ओळीत उभं करायची. मुलांना तसलं काही सुचत नव्हतं. त्यांनी नळकोंडाळ्यावरच्या घागरींची रांग काढली, माणसं वगळून, नुसत्या घागरी. आणि प्रदर्शनात बायका घागर ओळखून मालकिणीचं नाव सांगत होत्या. पिठाच्या गिरणीतला पांढरा झालेला पंखा. रेशनच्या दुकानाबाहेर रॉकेलचे डबे. दारापुढच्या पायरीवर चपला, त्यातली एक उलटी. टेकडीवर चढून काढलेली कौलं, त्यांतून आपलं घर बोटाने शोधायला झुंबड. एकाने आपल्या दोन्ही फोटोंत शेजारच्यांचा कुत्राच काढला. त्याला कुणी बोललं नाही, कुत्राही वसाहतीतलाच.

फोटोखाली पुठ्ठ्याच्या तुकड्यावर मुलांनीच लिहायचं, मोठ्यांनी शुद्धलेखन तपासायचं नाही असा काकांचा दंडक होता. एका पुठ्ठ्यावर होतं : ‘हे आमचं घर नाही, पण इथून आमचं घर दिसतं.’ यापेक्षा बरी फोटोओळ मी वर्तमानपत्रात क्वचितच वाचली.

खरी जत्रा मात्र धुलाईच्या रात्री. काकांच्या मोरीला चादर लावून लाल दिवा पेटवायचा, तीन ट्रे ओळीने मांडायचे : चित्र उठवणारा डेव्हलपर, साधं पाणी, आणि चित्र पक्कं करणारा हायपो. आत एका वेळी दोनच मुलं, बाकीची ओट्यावर कुजबुजत. कागद ट्रेमध्ये सोडला की काही क्षण नुसता कोरा. मग कुठेतरी काळा डाग उठायचा, तो कौलाचा असायचा की केसांचा हे ओळखायची पैज लागायची. हायपोचा आंबूस वास बोटांना दोन दिवस यायचा. मग सगळ्यात कंटाळवाणं काम, प्रिंट धुणं. हायपो राहिला तर फोटो पुढे पिवळा पडतो, म्हणून भरपूर पाणी हवं. नळ यायचा पहाटे. त्यामुळे काकू पहाटे उठून आधी आमचे फोटो खळबळत आणि मग पिण्याचं भरत. त्यांचं नाव कुठल्याच पत्रिकेत छापलं गेलं नाही, ही मंडळाच्या कारभारावरची माझी जुनी तक्रार आहे. धुतलेले प्रिंट कपाटाच्या आरशावर पालथे चिकटवायचे, वाळले की आपोआप सुटून खाली पडायचे, चकचकीत.

एका वर्षी नळावरच्या भांडणाचा फोटो लागला. छान होता, पदर खोचलेला, हात हवेत. त्यातल्या बाईंनी मांडवात येऊन तो चिमट्यासकट काढला. बरोबरच केलं त्यांनी. तेव्हापासून नियम झाला, विचारून काढायचा आणि ज्याचा काढला त्याला एक प्रत द्यायची. प्रतींचा खर्च वाढला, खजिनदार पुन्हा चिडले, पण वसाहतीतल्या भिंती भरायला लागल्या. आजच्या छायाचित्रकारांना संमतीवर व्याख्यानं द्यावी लागतात. आमच्याकडे ते काम त्या बाईंनी अर्ध्या मिनिटात उरकलं.

पुढे कोडॅकचा केबी टेन कॅमेरा आला, छत्तिसाचा रंगीत रोल, लॅबमधून पाकिटात येणारे प्रिंट. मोरी मोकळी झाली. सोय झाली, नाही म्हणत नाही. पण त्या वर्षांतले रंगीत फोटो आता लालसर उडालेत आणि काकांच्या मोरीतले काळेपांढरे अजून जसेच्या तसे आहेत. काकूंच्या पाण्याचा गुण.

मग मोबाइल आले आणि एकेका पोराकडे हजार फोटो. एक वर्ष आम्ही सगळे मोठ्या पडद्यावर दाखवले. दहा मिनिटांत लोक उठून महाप्रसादाच्या रांगेत गेले. पुढच्या वर्षापासून जुना हिशोब परत आणला : काढा कितीही, सुतळीवर माणशी दोन. आता मुलांची भांडणं काढण्यावरून होत नाहीत, वगळण्यावरून होतात. ते भांडण ऐकायला मी मुद्दाम जाते. ‘यात आकाश छान आहे’ असं एक म्हणतं, ‘आकाश काय, ते बाणेरलाही आहे,’ दुसरं.

वसाहत पुष्कळ बदलली. बैठ्या घरांवर मजले चढले, कौलं जवळजवळ गेली, नळकोंडाळ्याच्या जागी दुचाक्या लागतात. मालकी हक्काच्या फायली वर्षानुवर्षं फिरत राहिल्या, तेव्हा कुणीतरी घराचा जुना फोटो अर्जाला जोडायला म्हणून मंडळाच्या पेटीतून नेला होता. तो कामी आला की नाही कळलं नाही, परत आला नाही हे नक्की. पेटीत उरलेल्या निगेटिव्ह आम्ही स्कॅन करून घेतल्या, काहींवर बुरशीची जाळी आहे.

गेल्या गणपतीत सातवीतल्या एका मुलीने पहाटे मांडवात येऊन फोटो काढला : मूर्तीपुढे रात्रपाळीच्या पहाऱ्याला बसलेले चारही कार्यकर्ते आडवे, तोंडं उघडी, मध्ये पत्त्यांचा डाव तसाच पसरलेला. एक अध्यक्ष. ते म्हणाले, हा लावायचा नाही. तिने नियम दाखवला. विचारलं होतं म्हणाली, तुम्ही झोपेत ‘हूं’ म्हणालात. साक्षीला धाकटा भाऊ उभा केला. बैठक बसली, चहा झाला, फोटो सुतळीच्या मधोमध लागला आणि दुसऱ्या दिवशी अध्यक्षांच्या मिसेस येऊन आपली प्रत मागून गेल्या. आठ बाय दहा हवी म्हणाल्या, फ्रेम करायची होती.