पिस्तुलाच्या चेंबरमध्ये गोळी ठेवायची का? माझा अनुभव

ह्यूस्टनजवळ माझं छोटं दुकान आहे, रात्री दहाला शटर ओढतो आणि गल्ल्यातली कॅश घेऊन एकटाच गाडीकडे जातो. शेजारच्या दुकानदाराला पार्किंगमध्ये दोघांनी गाठलं, डोक्याला टाके पडले, त्यानंतर मी पिस्तूल घ्यायचं ठरवलं. एच-वन-बी वर होतो तोपर्यंत हा विषयच नव्हता, कारण त्या व्हिसावर काही अपवाद सोडले तर फेडरल कायदा बंदूक बाळगू देत नाही. ग्रीन कार्ड आल्यावर मोकळीक मिळाली.

टेक्ससमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून लायसन नसलं तरी २१ वर्षांवरच्या पात्र माणसाला हँडगन जवळ ठेवता येते, तरी मी लायसनचा क्लास केलाच, शिकल्याशिवाय हे अंगावर घ्यायचं नव्हतं. परीक्षेत ५० गोळ्या, ३, ७ आणि १५ यार्डांवरून, २५० पैकी १७५ मार्क लागतात. पास झालो. पण त्यात पिस्तूल आधीच हातात असतं, होल्स्टरमधून (पिस्तूल कमरेला लावायच्या म्यानातून) काढायचं नसतं, त्यामुळे माझा खरा प्रश्न तसाच राहिला, की कमरेला लावताना चेंबर, म्हणजे नळीच्या मागचा जिथून गोळी सुटते तो कप्पा, भरलेलं ठेवायचं की रिकामं?

माझे मामा गावाकडे पोलिसात होते, त्यांचं एकच सांगणं, चेंबर रिकामं ठेव, वेळ आली की स्लाइड ओढ (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, तो मागे ओढून सोडला की गोळी चेंबरमध्ये जाते). मी ग्लॉक १९ घेतलं होतं, त्याला बोटाने लावायची सेफ्टी (गोळी चुकून सुटू नये म्हणून असलेला खटका) नसते, ज्या तीन असतात त्या ट्रिगर दाबला की आपोआप सुटतात, म्हणजे ट्रिगरला काहीही अडकलं की संपलं. या भीतीने सहा महिने मी रिकाम्या चेंबरनेच फिरलो आणि ते बरंच झालं, कारण सुरुवातीला मी एक स्वस्त कापडी होल्स्टर घेतलं होतं, पिस्तूल काढलं की त्याचं तोंड मिटायचं. एकदा परत आत सरकवताना जॅकेटची नाडी ट्रिगर गार्डमध्ये गेलेली दिसली. चेंबर रिकामं होतं. तरी त्या रात्री झोप लागली नाही, कारण नळी माझ्या मांडीकडे होती.

मग कायडेक्सचं, म्हणजे कडक प्लास्टिकचं, होल्स्टर घेतलं, ट्रिगर पूर्ण झाकणारं, आणि जाड पट्टा. ट्रेनरकडे परत गेलो. त्यांनी रेंजवर टार्गेटसमोर उभं केलं, आणि मागून माझं डावं मनगट धरून ठेवलं, म्हणाले आता काढ आणि स्लाइड ओढ. एका हाताने जमेना. पट्ट्यावर घासून स्लाइड ओढायची युक्ती त्यांनी दाखवली, पण घाईत ती अर्धीच मागे गेली आणि गोळी अडकली, दोनदा. दोन्ही हात मोकळे असताना अर्ध्या सेकंदाचा फरक पडत होता, त्याचं मला काही वाटलं नाही, पण माझ्या डाव्या हातात तर रोज कॅशची बॅग असते, आणि कोणी अंगावर आलं तर तोच हात आधी पुढे जाणार.

तरी लगेच भरलं नाही. ट्रेनरनी सांगितलं तसं चार आठवडे पिस्तूल पूर्ण रिकामं ठेवून, पण स्लाइड ओढून, दिवसभर कमरेला लावलं, वाकलो, खोकी उचलली, गाडी चालवली आणि रोज रात्री पाहिलं की ट्रिगर पुढेच आहे का. आत स्ट्रायकर (गोळीवर आदळणारी पिन) सुटला असता तर ट्रिगर मागे गेलेला दिसला असता. एकदाही गेला नाही. (त्या महिन्यात रात्री कॅश न्यायला दुकानातला मुलगा सोबत असायचा.) त्यानंतर चेंबर भरलं.

आता होल्स्टरमध्ये पिस्तूल परत ठेवताना मी थांबतो, शर्ट वर धरतो, आत बघतो, मगच हळू सरकवतो, तिथे घाई करायचं काही कारणच नसतं.

बायकोची अट होती की घरात आल्यावर ते कुठेही दिसता कामा नये, मुलगा नऊ वर्षांचा आहे. म्हणून होल्स्टरसकट पट्ट्यातून काढून थेट तिजोरीत ठेवतो, रोज रिकामं करत नाही, कारण हाताळणं जितकं कमी तितकं बरं, आणि तीच गोळी सारखी काढून भरली की तिचं टोक आत दबतं, झाडताना प्रेशर वाढतं. आणि चेंबर रिकामं आहे म्हणून घरात उघड्यावर ठेवलं तर चालेल असं कोणी समजू नका, १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागू शकेल अशा बंदुकीबद्दलचा टेक्ससचा कायदा चेंबरमध्ये गोळी आहे की नाही ते बघतच नाही, बंदुकीत गोळ्या आहेत एवढं पुरे.

मामांना फोनवर सगळं सांगितलं, त्यांना अजून पटलेलं नाही, आणि कापडी होल्स्टर वापरणाऱ्याला किंवा सराव न करणाऱ्याला मीही मामांचंच ऐक म्हणेन. मी आठवड्यातून दोनदा रिकाम्या पिस्तुलाने सराव करतो, गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवून.